निकालाला किंमत नसलेला सामना : ॲरिझोनातल्या स्प्रिंग ट्रेनिंगची एक दुपार

पांथस्थ

डेन्व्हरमध्ये राहत असल्यामुळे मी कोलोराडो रॉकीज या बेसबॉल संघाचा चाहता आहे. याला आवड म्हणावे की पत्त्याचा परिणाम, हे मला अजून ठरवता आलेले नाही, कारण २०२५ च्या मोसमात १६२ पैकी ११९ सामने हरलेला संघ कोणी आपण होऊन निवडला असेल असे वाटत नाही. मोसमाआधीचे, ‘स्प्रिंग ट्रेनिंग’मधले सराव सामने मात्र इतक्या वर्षांत मी कधी प्रत्यक्ष पाहिले नव्हते. या मार्चमध्ये फिनिक्सला मित्राकडे जाणे झाले. सोबत सांगलीहून आलेले माझे सासरे, आप्पा, होते. एक दुपार मोकळी मिळाली, तेव्हा स्कॉट्सडेलजवळच्या सॉल्ट रिव्हर फील्ड्स या मैदानावरच्या सामन्याची, गवतावर बसायची दोन तिकिटे काढली.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मेजर लीगचे, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेचे, तीसही संघ फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्च संपत येईपर्यंत उबदार हवेत सराव करतात. त्यांतले १५ संघ ॲरिझोनात असतात, त्यांच्या सामन्यांना ‘कॅक्टस लीग’ म्हणतात. उरलेले १५ फ्लोरिडात, ती ‘ग्रेपफ्रूट लीग’. या सामन्यांतला विजय मुख्य स्पर्धेच्या तक्त्यात धरला जात नाही, आणि इथे मारलेला होम रन (आपल्या षटकारासारखा फटका) खेळाडूच्या कारकिर्दीच्या आकड्यांत जमा होत नाही. निकालाला किंमत नाही हे ऐकून रॉकीजच्या चाहत्याला जो दिलासा मिळतो, त्याची कल्पना इतरांना येणार नाही.

आउटफील्डच्या मागे गवताची लांबलचक उतरण आहे. तिथे चटई अंथरून बसलो. समोर मैदान, पलीकडे डोंगररांग आणि डोक्यावर असे ऊन, की आप्पांनी उपरणे टोपीखालून कानांवर ओढून घेतले. पहिले तीन डाव ओळखीचे खेळाडू खेळले. चौथ्या-पाचव्या डावापासून ते एकेक करून निघाले, पिशव्या खांद्याला लावून कुंपणाच्या कडेने चालत गेले आणि वाटेत मुलांच्या टोप्यांवर सह्या करत राहिले. त्यांच्या जागी जे आले, त्यांच्या पाठीवर ७४, ८१, ९६ असे आकडे होते. धावफलकावर नावे बदलेपर्यंत मैदानातला माणूस बदललेला असायचा.

एका पिचरने, म्हणजे बेसबॉलमधल्या गोलंदाजाने, तोच संथ चेंडू तीन बॅटरना पुन्हा पुन्हा टाकला. दोघांनी तो झोडपला, तरी त्याने टाकणे सोडले नाही. शेजारच्या गृहस्थांनी सांगितले की, तो हा चेंडू नव्याने शिकतो आहे. आप्पा म्हणाले, “नेटमध्ये करायचं ते हा मॅचमध्ये करतोय.” पुढे, ज्यांचे काम संपले होते असे दोन पिचर सामना चालू असताना आउटफील्डच्या भिंतीलगत खुशाल धावू लागले. तेव्हा आप्पा चटईवरून अर्धे उठलेच. “अंपायर काही बोलत का नाही?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

नवव्या डावात पाहुण्या संघाचा ८७ क्रमांकाचा एक मुलगा बॅटिंगला आला. (संघाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, त्या मुलाला कोणी शोधत बसू नये.) त्याने चेंडू जमिनीवरून थेट शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) हातात मारला. बाद होणार हे स्टेडियममधल्या प्रत्येकाला दिसत होते, त्यालाही दिसत असणारच. तरीही तो पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यापर्यंत, जीव खाऊन धावला आणि बेस ओलांडून पुढे गवतापर्यंत गेला. सामना बरोबरीत सुटला, जादा डाव झाले नाहीत आणि लोक चटया गुंडाळून निघाले. कोणाच्याही चेहऱ्यावर खंत दिसली नाही.

मी खूश होऊन परतलो, पण तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. ज्या सामन्याच्या निकालाला किंमत नाही तो तिकीट काढून पाहावा का, आणि पाहिला तर त्यात नेमके काय पाहावे? मला तो निवांतपणाच आवडला. कोणालाच कशाची घाई नव्हती. आपले अनुभव वाचायला आवडतील.

सदाफुली

रॉकीजचे सामने पाहताना निकालाकडे दुर्लक्ष करायची सवय आपल्याला आधीपासूनच असणार, त्यामुळे हा अनुभव नवा कसा वाटला, हे समजले नाही.

कोथरूडचा पाहुणा

मी तीन वर्षांपूर्वी ॲरिझोनातच असा एक सामना पाहिला आणि पुन्हा पाहणार नाही. ज्या खेळाडूचे नाव वाचून तिकीट काढले, तो त्या दिवशी दुसऱ्याच गावी खेळत होता, कारण संघाचे दोन भाग करून एकाच दुपारी दोन सामने ठेवले होते. ‘स्प्लिट स्क्वॉड’ नावाची ही सोय मला प्रवेशद्वारापाशी पोहोचल्यावर कळली. गाडी लावायचे पैसे, पाण्याच्या बाटलीचे पैसे, आणि आत गेल्यावर ज्यांची नावे त्यांच्या गल्लीबाहेर कोणाला ठाऊक नसतील अशा मुलांचा खेळ. सराव जरूर करावा, पण सरावाला तिकीट लावणे म्हणजे गायकाने रियाज करताना दारात पेटी ठेवण्यासारखे आहे.

सदाफुली

काही गायकांचा रियाज ऐकायला मी मैफिलीपेक्षा जास्त पैसे देईन. काहींच्या बाबतीत रियाज थांबवण्यासाठी देईन.

नववा गडी

पांथस्थ यांच्या प्रश्नाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. काय पाहावे हे सांगण्याआधी काय पाहू नये हे सांगतो : आकडे पाहू नयेत.

याचे सर्वांत चांगले उदाहरण २०१८ चे आहे. शोहेइ ओहतानी जपानहून एंजल्स संघात आला आणि टेम्पीच्या मैदानावर त्याचे पहिले स्प्रिंग ट्रेनिंग सुरू झाले. बॅटर म्हणून त्याला ३२ अधिकृत संधींत ४ हिट (बेस गाठून देणारे फटके) मिळाले, म्हणजे सरासरी .१२५, आणि त्यांतला एकही हिट एका बेसच्या पुढचा नव्हता. पिचर म्हणून मेजर लीग संघांविरुद्धच्या सराव सामन्यांत तो तीन डावही पुरे खेळला नाही आणि त्याचा इआरए, म्हणजे दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी, २७.०० निघाला. त्याला आधी मायनर लीगमध्ये (खालच्या पातळीवरच्या स्पर्धेत) पाठवावे, असे गंभीरपणे लिहिले जात होते. मोसम सुरू झाला, त्याने २२ होम रन मारले आणि वर्षअखेरीस तो अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचा) सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला.

आता त्या मार्चमध्ये पाहण्यासारखे काय होते, ते सांगतो. चेंडू टाकला जाण्याच्या सुमारास तो पुढचा पाय उंच उचलत असे आणि मेजर लीगच्या वेगापुढे त्याला उशीर होत असे. मोसमाच्या तोंडावर त्याने पाय उचलणे सोडले, फक्त टाच जराशी फिरवून तो चेंडूला सामोरा जाऊ लागला. बदल एवढाच होता. .१२५ हा आकडा वाचणाऱ्याला तो कळला नाही, पायाकडे पाहणाऱ्याला कळला असता.

आकडे फसवे असण्याची कारणे साधी आहेत. समोरचा पिचर मुख्य संघातला आहे की काल मायनर लीगमधून आला आहे, हे डावागणिक बदलते. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत चेंडू लांब जातो, आणि तीच हवा त्याला वळायला पुरेसा आधार देत नाही. शिवाय पांथस्थ यांनी पाहिला तसा एखादा पिचर ठरवून एकच चेंडू टाकत असतो, म्हणजे धावा देणे हा त्याच्या दिवसाच्या आखणीचाच भाग असतो. २०२१ च्या मार्चमध्ये तर पिचरने वीस चेंडू टाकल्यावर तीन गडी बाद झालेले नसतानाही डाव मध्येच संपवायची मुभा संघांना होती. ज्या खेळात डाव असा गुंडाळता येतो, त्याच्या धावफलकावर किती विश्वास ठेवायचा?

पुढच्या वेळी गवतावर न बसता होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या मागे, थोडे वर बसा. तिथे वही, रडार गन आणि स्टॉपवॉच घेतलेली, खेळाडू पारखणारी माणसे बसलेली असतात. ती टाळ्या वाजवत नाहीत. ती ज्या क्षणी मान खाली घालून लिहितात, तो क्षण पाहण्यासारखा असतो.

टॅम्पाकर

फ्लोरिडाची बाजू मांडणारे कोणी नाही, म्हणून लिहितो. ॲरिझोनात दहाही मैदाने फिनिक्सच्या आसपास आहेत, त्यामुळे एका दिवसात दोन सामने सहज होतात. आमच्याकडे संघ किनाऱ्यांवर विखुरलेले आहेत आणि खेळाडूंचा निम्मा मार्च बसमध्ये जातो. ओळखीचे खेळाडू त्या बसमध्ये क्वचितच चढतात, म्हणून इथला नियम असा की, ज्याला पाहायचे आहे त्याच्या घरच्या मैदानावर जावे. कोथरूडचा पाहुणा यांची तक्रार त्याने निम्मी मिटली असती.

‘ग्रेपफ्रूट’ या नावाची गोष्ट मोठी मजेशीर आहे. १९१५ मध्ये ब्रुकलिनचा संघ डेटोना बीचला सराव करत होता. त्याचे व्यवस्थापक विल्बर्ट रॉबिन्सन यांनी विमानातून टाकलेला चेंडू झेलून दाखवतो अशी पैज मारली. वैमानिक होत्या रूथ लॉ. त्या चेंडू बरोबर घ्यायला विसरल्या आणि त्यांनी वरून ग्रेपफ्रूट टाकले. ते रॉबिन्सन यांच्या छातीवर फुटले, कोमट रस अंगभर पसरला आणि आपण रक्ताने न्हाऊन निघालो अशा समजुतीने ते ओरडत सुटले, असे सांगतात.

ब्रॅडन्टनला पिट्सबर्ग पायरेट्सचे १९२३ सालचे जुने मैदान आहे, तिथे मी अधूनमधून जातो. उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना २००८ मध्ये पायरेट्सनेच करारबद्ध केले होते आणि त्यांचा सराव याच गावात होत असे. पुढच्या उन्हाळ्यात ते तिथल्या नवशिक्यांच्या लीगमध्ये खेळले. टीव्हीवरच्या एका स्पर्धेत उतरण्यापूर्वी दोघांनी बेसबॉल हातातही धरलेला नव्हता. मेजर लीगपर्यंत दोघांपैकी कोणीही पोहोचले नाही. रिंकू पुढे कुस्तीच्या झगमगाटात गेला.

काळा फळा

रॉबिन्सन यांनी ही पैज कोकणात मारली असती, तर आज आपण ‘पपनस लीग’ म्हणालो असतो. नारळ टाकला असता तर लीगच झाली नसती.

उंबरठा

नावाची गोष्ट गमतीची आहे, पण फ्लोरिडा आणि ॲरिझोना अशी विभागणी होण्यामागची गोष्ट तितकी हसण्यासारखी नाही.

१९४६ च्या वसंतात जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू मॉन्ट्रियलच्या संघाबरोबर सरावासाठी फ्लोरिडाला गेला. सॅनफर्ड या गावातून त्याला धमक्यांमुळे निघावे लागले. इतर काही गावांनी तो खेळणार म्हणून मैदाने बंद ठेवली. अखेर १७ मार्च १९४६ रोजी डेटोना बीचला तो सामना खेळला आणि आज ते मैदान त्याच्याच नावाने ओळखले जाते. तोही सराव सामनाच होता. त्या दुपारी कोण जिंकले हे मला आठवत नाही, आणि तिथे हजर असलेल्या बहुतेकांनाही आठवले नसते, पण त्या सामन्याला किंमत नव्हती असे कोण म्हणेल?

पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, क्लीव्हलँडचे मालक बिल व्हेक यांनी आपला संघ फ्लोरिडातून हलवून टूसॉनला नेला, आणि न्यूयॉर्क जायंट्स फिनिक्सला आले. कॅक्टस लीगची सुरुवात या दोन संघांपासून धरतात. फ्लोरिडातल्या वर्णभेदाला कंटाळून आपण बाहेर पडलो, असे व्हेक पुढे सांगत. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी लॅरी डोबीला घेतले आणि अमेरिकन लीगमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आला. मात्र ॲरिझोना म्हणजे मोकळी हवा, असे समजण्याचे कारण नाही. १९४८ मध्ये टूसॉनला संघाच्या हॉटेलात डोबीला खोली मिळाली नाही. तो गावातल्या एका कुटुंबाकडे राहिला.

पांथस्थ, आपण ज्या गवतावर बसलात ती जमीन अकिमेल ओओधाम आणि पीपाश या मूलनिवासी समाजांची आहे. २०११ मध्ये उभे राहिलेले ते मैदान, मूलनिवासींच्या भूमीवर बांधले गेलेले मेजर लीगचे पहिले सराव मैदान होय. ‘सॉल्ट रिव्हर’ हे नावही त्या समाजाच्या नावातूनच आले आहे.

पांथस्थ

धन्यवाद, उंबरठा. प्रवेशद्वाराजवळच्या भिंतीवर मी ते नाव वाचले होते आणि एखाद्या पुरस्कर्त्या कंपनीचे असावे असे समजून पुढे गेलो होतो.

आप्पांची एक गोष्ट लिहायची राहिली. सहाव्या डावात एक होम रन आमच्यापासून पाचसहा हातांवर गवतात पडला, घरंगळत आला आणि आप्पांच्या चटईला येऊन टेकला. आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी चेंडू उचलून आधी वास घेतला आणि म्हणाले, “नवा म्हणतात, पण हा तर मातीत खेळलेला आहे.” त्यांचे निरीक्षण बरोबर होते. नव्या बेसबॉलची तकाकी घालवण्यासाठी सामन्यापूर्वी त्याला डेलावेअर नदीच्या काठचा विशिष्ट चिखल चोळतात, त्याचा फिकट करडा थर चामड्यावर राहतो. मग त्यांनी अंगठ्याच्या नखाने टाके मोजायला घेतले. लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके असतात. ते साठापर्यंत पोहोचले आणि तेवढ्यात कोणीतरी बाद झाले.

क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि हा १४२ ते १४९ ग्रॅमचा. एवढासा फरक आप्पांना हातात घेताच जाणवला. विजय हजारे यांच्या जन्मगावचे असल्याचा अभिमान त्यांच्या बोलण्यात अधूनमधून डोकावतोच. त्या सुरात त्यांनी निकाल दिला की, चेंडू चांगला आहे, पण शिवण मधोमध नाही.

मीठभाकर

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मूळ लेख सुंदर आहे, पण त्यातल्या एका वाक्याशी मी अजिबात सहमत नाही. “कोणालाच कशाची घाई नव्हती” असे पांथस्थ लिहितात आणि त्याच्या थोडेसेच आधी ८७ क्रमांकाच्या मुलाचे धावणे वर्णन करतात. ही दोन्ही वाक्ये एकाच दुपारची कशी असू शकतात?

मी पूर्वी एका संघाच्या सराव केंद्रातल्या स्वयंपाकघरात दोन मोसम काम केले आहे. मुख्य मैदानाच्या मागे चार-सहा छोटी मैदाने असतात, त्यांवर मायनर लीगची मुले सराव करतात. सकाळी त्यांतल्या काहींना सांगण्यात येते की, आज मोठ्या संघाबरोबर चला, शेवटच्या डावांत माणसे कमी पडली तर लागाल. तिथल्या बोलीत त्यांना ‘जस्ट इन केस’ म्हणतात. काही जण नऊ डाव बाकावर बसून परत येत. ज्यांना एकदा बॅट हातात मिळे, ती मुले रात्री जेवताना त्याच चार चेंडूंविषयी बोलत, अगदी क्रमाने, पहिला कुठे पडला, दुसरा कुठे.

पैशांचे सांगायचे तर मेजर लीगच्या खेळाडूंनाही पगार मुख्य मोसमाचा मिळतो, सरावाच्या दिवसांत फक्त भत्ता असतो. त्यांचे त्यात काही अडत नाही. पण मायनर लीगच्या मुलांना या आठवड्यांचे वेतनच वर्षानुवर्षे मिळत नव्हते. त्यावर खटला झाला. २०२२ मध्ये मेजर लीगने १८ कोटी ५० लाख डॉलर देऊन तो मिटवला, आणि २०२३ मध्ये या खेळाडूंच्या संघटनेचा पहिला करार झाला, तेव्हा कुठे सरावाच्या दिवसांचेही पैसे ठरले. मी तिथे होतो तेव्हा मुले जेवणाच्या रांगेतून दोन केळी जास्त घेत आणि आम्ही पाहिले न पाहिल्यासारखे करत असू.

आपण गवतावर निवांत पडून जे पाहिले, ती त्या मुलाच्या नोकरीची मुलाखत होती. निकालाला किंमत नाही हे वाक्य प्रेक्षकाचे आहे.

सांजवेळ

मीठभाकर यांच्या प्रतिसादाने मला जळगावची निवड चाचणी आठवली. शाळेत मी सॉफ्टबॉल खेळत असे. जिल्ह्याच्या संघासाठी मुलींचे दोन गट करून आपापसांत सामना लावत. कोण जिंकले हे गुरुजी कधीच सांगत नसत, ते कागदावर फक्त खुणा करत. आम्ही मैदानावर चेंडूपेक्षा त्या कागदाकडे जास्त पाहत असू. माझ्याकडे उंच आलेला एक सोपा झेल सुटला, तो केवळ मी त्याच वेळी कागदाकडे पाहिले म्हणून. त्या गोष्टीला आता २६ वर्षे झाली.

ओल्या पिचवरचा

थोडे अवांतर होईल, पण आप्पांचा उल्लेख आला म्हणून लिहितो. अशा सामन्याला आपल्याकडे समांतर काय, असा विचार केला तर मुंबईची कांगा लीग चटकन आठवते. १९४८ पासून भर पावसाळ्यात, ओल्या पिचवर आणि गुडघ्यापर्यंत वाढलेल्या गवतात खेळली जाणारी ही स्पर्धा मुख्य मोसमाची तयारी म्हणूनच पाहिली गेली. आझाद मैदानावर एका सामन्याचा कव्हर पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या लाँग ऑनला टेकून उभा असे. भिंतीलगत धावणाऱ्या पिचरांचे आम्हाला काहीच वाटले नसते.

पण ही तुलना फार ताणता येत नाही. कांगा लीगमध्ये गुण असतात, ए पासून जीपर्यंत विभाग असतात आणि खाली घसरण्याची धास्ती असते. तिथे कोणी मुद्दाम एकच चेंडू टाकत बसला असता, तर कर्णधाराने त्याला चहालासुद्धा विचारले नसते. परदेश दौऱ्याच्या सुरुवातीचा सराव सामना, ज्यात चौदा-पंधरा जण आलटून पालटून खेळतात, तो जास्त जवळचा आहे. तो पाहायला मात्र आपल्याकडे कोणी तिकीट काढून जात नाही, आणि मला वाटते त्यात आपलेच नुकसान आहे.

कोथरूडचा पाहुणा

मीठभाकर यांचे म्हणणे मान्य करूनही माझा मुद्दा कायम आहे, किंबहुना अधिक पक्का झाला आहे. त्या मुलांना वर्षानुवर्षे वेतन मिळत नव्हते, मग माझ्या तिकिटाचे पैसे गेले कुठे?

आणखी एक शंका. बरोबरीत सामना सोडून देणे या लोकांना चालते कसे? एरवी हे मध्यरात्रीपर्यंत जादा डाव खेळतात.

नववा गडी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर संघमालकांकडे मागावे लागेल. दुसऱ्याचे सोपे आहे : पिचरांचे हात मार्चमध्ये खर्च करायचे नसतात.

बरोबरीवरून आठवले. २०२३ मध्ये पिच क्लॉक आले, म्हणजे त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत आणि कोणी बेसवर असेल तर २० सेकंदांत पिचरने चेंडू टाकायचा आणि घड्याळात आठ सेकंद उरलेले असताना बॅटरने तयार असायचे. त्याची पहिली मोठी गंमत सराव सामन्यातच घडली. २५ फेब्रुवारी रोजी नॉर्थ पोर्टला ब्रेव्ह्ज आणि रेड सॉक्स ६-६ अशा बरोबरीत होते. नवव्या डावाचा उत्तरार्ध, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले, तीन बॉल आणि दोन स्ट्राइक. ब्रेव्ह्जचा बॅटर वेळेत सज्ज झाला नाही म्हणून अंपायरने न टाकलेल्या चेंडूवर तिसरा स्ट्राइक दिला, म्हणजे त्याला बाद ठरवले. बॅटरला वाटले आपल्याला चौथा बॉल, म्हणजे पहिला बेस फुकट मिळाला, म्हणून तो पहिल्या बेसकडे निघालासुद्धा होता. सामना तिथेच संपला. मुख्य स्पर्धेत हे घडले असते तर दंगल झाली असती; तिथे लोक हसले, थोडे ओरडले आणि नियम सगळ्यांच्या कायमचाच लक्षात राहिला.

बॅटर, पिचर किंवा कॅचर स्वतःच्या डोक्यावर टपली मारून अंपायरच्या निर्णयाला आव्हान देतो, आणि कॅमेऱ्यांची यंत्रणा चेंडू कुठून गेला ते पडद्यावर दाखवते, ही पद्धतसुद्धा मेजर लीगच्या संघांनी २०२५ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये १३ मैदानांवर तपासून पाहिली, आणि मग २०२६ पासून मुख्य स्पर्धेसाठी मंजूर झाली. म्हणजे मार्चमध्ये खेळाडूंबरोबर नियमांचीही निवड चाचणी होते.

सदाफुली

डोक्यावर टपली मारून निर्णयाला आव्हान देण्याची पद्धत आमच्या घरी फार पूर्वीपासून आहे, फक्त डोके दुसऱ्याचे असते.

अनामिका_मेसा

मी इथे मेसामध्येच राहते, म्हणून थोडी व्यवहाराची माहिती देते. सामने बहुधा दुपारी एकच्या सुमारास सुरू होतात आणि गवतावर सावली नावालाही नसते. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर होम प्लेटमागच्या वरच्या रांगा घ्याव्यात, तिथे छप्पर असते. शक्य असेल तर सकाळी लवकर जाऊन मागच्या छोट्या मैदानांवरचा सराव पाहावा. अनेक ठिकाणी त्याला पैसे पडत नाहीत. कोथरूडचा पाहुणा यांनी हे अवश्य करावे.

कोथरूडचा पाहुणा

पैसे पडत नसतील तर विचार करतो.

पांथस्थ

मीठभाकर, आपला प्रतिसाद मी आप्पांना फोनवर वाचून दाखवला. ते आता सांगलीत आहेत आणि तो चेंडू दिवाणखान्यातल्या कपाटात, नातवाच्या ढालीशेजारी आहे. “कोणालाच कशाची घाई नव्हती” हे वाक्य मी मागे घेतो. मी आउटफील्डच्या गवतावर पडलो होतो आणि तो मुलगा माझ्यापासून शंभर मीटर दूर होता. तेवढ्या अंतरावरून घाई दिसत नाही.

घरी आल्यावर एक गोष्ट केली होती, तीही सांगून टाकतो. त्या संघाने कोणाकोणाला सराव शिबिरातून मायनर लीगच्या शिबिरात पाठवले, याच्या याद्या मार्चअखेरपर्यंत येत राहतात. त्या याद्यांत मी ८७ क्रमांकाचे नाव शोधले. कुठेच सापडले नाही, म्हणून मला वाटले की त्याची निवड झाली, आणि मी दोन दिवस आनंदात होतो. आपला प्रतिसाद वाचल्यावर उलगडा झाला. तो मोठ्या शिबिरात कधी नव्हताच, तेव्हा त्याला वगळल्याचे तरी कोण लिहील? मागच्या मैदानावरून त्या दुपारी आला आणि संध्याकाळी परत गेला.

हे ऐकून आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, “मग तो पळाला होता, ते तरी कुणी लिहून ठेवलं की नाही?”

नववा गडी

लिहून ठेवले असणार. चेंडू बॅटला लागल्यापासून पाय बेसवर पडेपर्यंतचा वेळ होम प्लेटमागची माणसे स्टॉपवॉचवर घेतात, गडी बाद झाला तरी घेतात. ९० फुटांना चार सेकंद आणि वर काही दशांश. त्यापुढे खेळाडूचा क्रमांक लिहितात.

पांथस्थ

आज रविवार आहे, तिकडे आता सकाळ झाली असेल. आप्पांना कळवतो.